‘जनजागृती’ मोजणार कशाने?
लहान पापलेटची मासेमारी रोखण्याच्या मोहिमेवरील एका लेखात ‘मच्छीमारांमध्ये जनजागृती करणे’ हे उद्दिष्ट दिले आहे. ते मला अपुरे वाटते. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे, हे हर्णै बंदरावर मी ज्यांच्याशी बोललो त्या सर्वांना ठाऊक होते, तरीही संध्याकाळच्या लिलावात तळहाताहूनही लहान पापलेटच्या टोपल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून १ जूनला पावसाळी बंदी लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात अशा टोपल्या रोज मोजाव्यात आणि पुढील वर्षी त्याच पंधरवड्यात त्या किती कमी व्हाव्यात, किती तांडेलांनी (नौकाप्रमुखांनी) मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या छिद्रांची, जाळी घ्यावीत, हे आधीच लिहून ठेवावे. वाटलेल्या पत्रकांची संख्या केलेले काम दाखवते, घडलेला बदल नव्हे. शिवाय लहान मासा विकत घेणारा व्यापारी या उद्दिष्टात कुठेच नाही, हे मला फार खटकते.