राखेपेक्षा ॲसिड जास्त बोलतं

ग्रीनलँड-अंटार्क्टिकाच्या बर्फात वर्षानुवर्षं साचलेल्या थरांवरून जुने ज्वालामुखी उद्रेक ओळखण्यावरचा लेख मस्त आहे, पण त्यात 'बर्फात ज्वालामुखीची राख सापडते आणि त्यावरून उद्रेक कळतो' एवढंच लिहून सोडून दिलंय ते जरा अर्धवट वाटलं. राख सापडते हो, पण ती काचेच्या बारीक कणांच्या रूपात आणि अगदी थोडी, खरी खूण म्हणजे सल्फेट, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचा बर्फात उरलेला अंश. उद्रेकातला सल्फर डायऑक्साइड वर जाऊन सल्फ्युरिक ॲसिड होतो, बर्फाबरोबर खाली येतो आणि त्या वर्षीच्या थरात अडकून बसतो, म्हणून तेवढ्या थराची वीजवाहकताही एकदम वाढलेली दिसते. आता गंमत अशी की ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका दोन्हीकडे एकाच काळात सल्फेट एकदम वाढलेलं दिसलं तर उद्रेक बहुतेक विषुववृत्ताच्या आसपासचा धरतात, कारण तिथून ते दोन्ही ध्रुवांकडे पसरू शकतं. १२५७ च्या आसपासची अशीच एक प्रचंड खूण कित्येक वर्षं बेवारस पडून होती, शेवटी २०१३ मध्ये इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरच्या सामालास ज्वालामुखीचं नाव पुढे आलं! १८१५ चा इंडोनेशियातल्याच तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक सगळ्यांना माहीत, पण त्याच्या थोडंच आधी, १८०९ च्या सुमाराला अजून एक मोठा उद्रेक झालाय हे बर्फ ठणकावून सांगतोय आणि तो ज्वालामुखी कुठला हे अजून पक्कं ठरलेलं नाही. म्हणजे गुन्हा सिद्ध, गुन्हेगार फरार 😄 आणि हो, १७८३ चा आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीचा उद्रेक राहिलाच की लेखात, ग्रीनलँडच्या बर्फात तो ठळक दिसतो.