रिकामा रकाना म्हणजे कचरा नव्हे

'स्प्लिटचे चार नियम' नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय. स्प्लिट म्हणजे प्रोग्राममध्ये एखादी ओळ स्वल्पविरामासारख्या खुणेवर तोडणं; त्यातला एकेक तुकडा म्हणजे फील्ड, यादीतला एक रकाना. ते नियम असे: रिकामी फील्ड कचरा समजून गाळा. सी या प्रोग्रामिंग भाषेतलं स्ट्रटॉक हे फंक्शन ते आपोआप करतं, तेच वापरा. शेवटची रिकामी फील्ड गेली तरी बिघडत नाही. आणि स्प्लिट सगळ्या भाषांत सारखंच. माझ्या भाचीने तो खरा मानून आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या यादीवर चालवला, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला नियम सर्वांत घातक. यादीत फ्लॅट, थकबाकी, भरणा, शेरा असे चार रकाने. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची ओळ: '३०२,,४५००,'. थकबाकी रिकामी, कारण त्यांच्याकडे काही येणंच नाही. रिकामी फील्ड गाळल्यावर उरलं ३०२ आणि ४५००. म्हणजे भरलेले साडेचार हजार थकबाकीत जाऊन बसले आणि आजींना नोटीस गेली! पावती हातात घेऊन बिचाऱ्या तीन जिने उतरून आल्या. प्रोग्रामने एरर दिला नाही, सगळं सुरळीत चाललं, हेच जास्त भयंकर. अहो, स्वल्पविरामांच्या फाइलीत कुठला आकडा कशाचा, हे फक्त जागेवरून कळतं. आरएफसी ४१८० हा २००५ सालचा सीएसव्हीचा, म्हणजे अशाच स्वल्पविरामांच्या फाइलींचा, दस्तऐवज स्पष्ट म्हणतो की प्रत्येक ओळीत फील्डची संख्या सारखी असावी. गाळल्यावर ती सारखी कशी राहील?

स्ट्रटॉक सलग स्वल्पविराम एकच धरतं हे खरं, पण म्हणूनच ते इथे चालत नाही. शिवाय ते मूळ स्ट्रिंगमध्येच, म्हणजे दिलेल्या मजकुरातच, बदल करतं.

उरलेले दोन नियम एका उदाहरणात निकालात निघतात. 'अ,ब,,' ही ओळ स्वल्पविरामावर तोडा. पायथन आणि जावास्क्रिप्ट चार तुकडे देतात, जावा दोनच. शेवटची रिकामी फील्ड टाकून दिली जातात, असं जावाच्या दस्तऐवजातच लिहिलंय. ती हवी असतील तर स्प्लिटला लिमिट (तुकड्यांची मर्यादा) म्हणून उणे एक द्यावं लागतं.

एक मान्य करते. साध्या वाक्यातले शब्द वेगळे करायचे असतील, मधे दोन-तीन स्पेस पडल्या असतील, तर रिकामे तुकडे गाळणंच बरोबर. पायथनचं कंसात काही न दिलेलं स्प्लिट तेच करतं. पण हिशेबाची यादी म्हणजे वाक्य नव्हे.

भाचीने आता सीएसव्ही वाचणारं तयार मोड्यूल घेतलंय आणि ओळीत चार फील्ड नसतील तर प्रोग्राम तिथेच थांबतो. आजींची नोटीस मागे घेतली. बाकीच्या ओळी आम्ही दोघी आज रात्री पावत्यांशी ताडून बघणार आहोत.