‘दहा वर्षांचे पेपर घोटा, पंच्याहत्तर पक्के’: बारावीच्या गणितावरचा एक फॉरवर्ड

दिवाळीची सुट्टी संपून प्रिलिमच्या तारखा लागल्या की बारावीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. कुणी त्यात चॅप्टरची नावं बदलतं, कुणी खाली आपल्या क्लासचा नंबर डकवतं, पण मजकूर साधारण असाच असतो: ‘गणिताचं टेन्शन सोडा. पुस्तक बाजूला ठेवा. गेल्या दहा वर्षांचे पेपर तीन-तीनदा सोडवा, बोर्ड तेच प्रश्न फिरवून विचारतं. प्रत्येक टाइप पाठ करा. एका वेळी एकच चॅप्टर धरा. सोल्यूशन नीट समजून घेतलं की तो प्रश्न झाला. अवघड चॅप्टर ऑप्शनला टाका. बोर्डाला स्टेप्स, सीईटीला शॉर्टकट, दोन्ही वेगळं ठेवा. 80 पैकी 75 कुठे जात नाहीत.’

मी बारावी सायन्सला गणित शिकवतो, त्यामुळे हा मेसेज दरवर्षी दहा दिशांनी माझ्याकडे येतो आणि खाली ‘सर, हे बरोबर आहे का?’ असतंच. सगळं चूक असतं तर उत्तर एका ओळीत दिलं असतं. यात थोडं खरं आहे, आणि पोरं फसतात ती त्या थोड्या खऱ्यामुळेच. म्हणून एकेक वाक्य घेतो.

पहिलं, दहा वर्षांचे पेपर. बालभारतीचं बारावीचं सध्याचं पुस्तक 2020 साली आलं. मार्च 2020 ची परीक्षा जुन्या अभ्यासक्रमावर झाली. 2021 ला कोविडमुळे लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल आधीच्या गुणांवरून लावले. 2022 ला परीक्षा झाली, पण 25 टक्के अभ्यासक्रम वगळून. पूर्ण नव्या अभ्यासक्रमावरचे पेपर सुरू होतात ते 2023 पासून. आता मोजा, ‘दहा वर्षां’तले खऱ्या अर्थाने उपयोगाचे किती उरतात. जुन्या संचांत कंटिन्युइटीवरचे प्रश्न भरपूर आहेत. ते प्रकरण आता अकरावीच्या पुस्तकात आहे, बारावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग डिफरन्सिएशनपासून सुरू होतो. तरी दरवर्षी कुणीतरी डिसेंबरात ‘के ची किंमत काढा म्हणजे फंक्शन कंटिन्युअस होईल’ हे मन लावून सोडवत बसलेलं असतं. मेहनत खरी, पत्ता चुकीचा.

प्रश्न फिरून येतात हे मात्र मान्य. पण ते येतात कुठून? बहुतेक वेळा पुस्तकातूनच: सोडवलेली उदाहरणं, एक्झरसाइज आणि प्रत्येक चॅप्टरच्या शेवटची मिसलेनियस एक्झरसाइज. म्हणजे मेसेज ज्या विहिरीचं पाणी प्यायला सांगतो, तीच बुजवायला सांगतो. पुस्तक आधी आणि पेपर नंतर, हा क्रम उलटा केला की पेपर सोडवण्यात दम राहत नाही.

नुसती जुन्या प्रश्नांची उत्तरं वाचणाऱ्यांच्या हातून आणखी एक गोष्ट सुटते: पेपरच्या पहिल्या पानावरच्या सूचना. एमसीक्यूमध्ये पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं. नुसता ‘बी’ लिहिला किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य. पहिला प्रयत्नच धरला जातो, खोडून दुसरं लिहिलेलं तपासत नाहीत. असे 8 एमसीक्यू, प्रत्येकी 2 मार्कांचे, म्हणजे 16 मार्क या एका सवयीवर टांगलेले. एलपीपीला, म्हणजे लिनियर प्रोग्रामिंगच्या प्रश्नाला, ग्राफ पेपरची गरज नाही, कच्ची आकृती चालते, हेही तिथेच छापलेलं असतं. तरी पोरं पट्टी घेऊन मिलिमीटर मोजत बसतात आणि शेवटी कॉर्नर पॉइंटच्या किमती काढायला वेळ उरत नाही.

आता ‘प्रत्येक टाइप पाठ करा’. माझं खरं भांडण या वाक्याशी आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

इंटिग्रेशनमधला अगदी सरळ प्रश्न घ्या. वर 1, खाली एक्सचा वर्ग अधिक 4 एक्स अधिक 5. खालचा पूर्ण वर्ग केला की एक्स अधिक 2 चा वर्ग अधिक 1 मिळतो. उत्तर टॅन इनव्हर्स, कंसात एक्स अधिक 2, अधिक सी. ज्याने टाइप पाठ केलाय तो वहीत लिहितो: ‘खाली क्वाड्रॅटिक, वर 1, उत्तर टॅन इनव्हर्स.’

आता त्या 5 च्या जागी 4 लिहा. खाली एक्स अधिक 2 चा नुसता वर्ग उरला. टॅन इनव्हर्सचा पत्ता नाही, उत्तर उणे 1 भागिले एक्स अधिक 2, अधिक सी. आणखी एक उतरा, 4 च्या जागी 3. आता खालचे अवयव पडतात, एक्स अधिक 1 आणि एक्स अधिक 3. पार्शियल फ्रॅक्शन करा किंवा वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावा, उत्तर येतं लॉगमध्ये: अर्धा गुणिले लॉग, कंसात एक्स अधिक 1 भागिले एक्स अधिक 3, अधिक सी.

दिसायला तिन्ही प्रश्न सख्खी भावंडं, फरक एका आकड्याचा, आणि उत्तरं तीन वेगळ्या घरची. आणि वरच्या 1 च्या जागी 2 एक्स अधिक 4 ठेवलं तर? खालच्याचं डेरिव्हेटिव्हच वर आलं. आता शेवटचा आकडा 5 असो, 4 असो की 3, उत्तर एकाच साच्यातलं: लॉग, कंसात खालची राशी.

मग इथे पाठ काय करणार? ‘टाइप’ म्हणून जे पाठ होतं ते प्रश्नाचं रूप असतं. मार्क मिळतात ते त्या रूपाखाली काय चाललंय हे ओळखण्याला: खालच्या राशीचा डिस्क्रिमिनंट (बी वर्ग वजा 4 एसी) उणे, शून्य की धन? वरचं खालच्याचं डेरिव्हेटिव्ह आहे का? ही दोन प्रश्नांची चौकशी ज्याच्या डोक्यात सवयीने होते त्याला शंभर टाइप लागत नाहीत. सूत्रं पाठ हवीतच, त्यात वाद नाही. साइन स्क्वेअरचं इंटिग्रेशन परीक्षेत सिद्ध करत बसायला कुणाला वेळ आहे! पण सूत्र पाठ असणं वेगळं आणि प्रश्न पाठ असणं वेगळं.

म्हणूनच तोच पेपर तिसऱ्यांदा सोडवण्यात फसगत आहे. पहिल्या खेपेला तुम्ही पद्धत शोधता. दुसऱ्या खेपेला ती अर्धी आठवते. तिसऱ्या खेपेला तुम्ही आठवणीतलं उत्तर फक्त उतरवता, आणि घड्याळ सांगतं की दोन तासांत पेपर संपला! आई-बाबा खूश, पोरगं खूश. खऱ्या पेपरात प्रश्न नवा दिसला की पहिली ओळच सुचत नाही. घोडं तिथेच पेंड खातं.

‘एका वेळी एकच चॅप्टर धरा’ हेही त्याच जातीचं. शिकताना ते ठीक आहे, शिकवतानाही आम्ही तसंच शिकवतो. पण सराव तसा केला की पद्धत निवडायचं कामच उरत नाही. ‘इंटिग्रेशन बाय पार्ट्स’ असं वर छापलेल्या एक्झरसाइजमध्ये प्रत्येक उदाहरण बाय पार्ट्सनेच सुटणार, हे प्रश्न वाचायच्या आधीच ठाऊक असतं. बोर्डाच्या पेपरात चॅप्टरचं नाव कुणी छापत नाही.

याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. डग रोअरर आणि केली टेलर या अमेरिकन संशोधकांनी तो 2007 साली प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने चारही आकृत्यांची मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली. सलगवाले 20 टक्क्यांवर, मिसळवाले 63 वर. एका प्रयोगावर सगळं जग उभं करू नये, पण ज्याने चॅप्टर टेस्टमध्ये 20 पैकी 19 मिळवणारं पोरगं प्रिलिमला पन्नाशीत अडकलेलं पाहिलंय, त्याला हे आकडे परके वाटणार नाहीत. चॅप्टर टेस्टचे मार्क खोटे नसतात, फक्त ते दुसऱ्याच गोष्टीचे असतात.

करायला सोपं आहे. नोव्हेंबरपर्यंत चॅप्टर झाले असतील तर रोज पुस्तकाच्या वेगवेगळ्या जागांवरून सहा-सात उदाहरणं उचलायची: एक मॅट्रिसेसचं, एक पेअर ऑफ लाइन्सचं, एक व्हेक्टरचं, दोन इंटिग्रेशनची, एक बायनॉमियलचं. सोडवायच्या आधी नुसती पद्धत लिहायची. वेळ नसेल तर तेवढंच करायचं, वीस प्रश्नांची फक्त पहिली ओळ. कंटाळवाणं वाटतं आणि सुरुवातीला चुकाही जास्त होतात. ते तसंच असायला हवं.

‘सोल्यूशन समजलं की प्रश्न झाला’ यावर फार लिहीत नाही. डायजेस्ट उघडं ठेवून किंवा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून प्रत्येक गोष्ट समजतेच. सोल्यूशन लिहिणाऱ्याने निवडीचं सगळं काम आधीच करून ठेवलेलं असतं, तुमच्या वाट्याला मान डोलावणं उरतं. सोल्यूशन बघा, जरूर बघा, पण मग वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर तोच प्रश्न करा. अडलात ना? मग कालचं ‘समजलं’ अर्धंच होतं.

‘अवघड चॅप्टर ऑप्शनला टाका.’ आता आकडेमोड करू. पेपर 80 चा. सेक्शन ए मध्ये 8 एमसीक्यू 16 मार्कांना आणि 1 मार्काचे 4 छोटे प्रश्न, एकूण 20, आणि त्यात ऑप्शन शून्य. पुढे 2 मार्कांचे 12 पैकी 8, 3 मार्कांचे 12 पैकी 8, 4 मार्कांचे 8 पैकी 5. छापलेले मार्क 112, धरले जाणारे 80. 32 मार्कांची मोकळीक हे खरं, आणि म्हणूनच हा सल्ला गोड लागतो.

पण चॅप्टर एकमेकांत गुंतलेले असतात. इंटिग्रेशन नको म्हणालात की त्याच्यासोबत एरिया जातो, डिफरन्शियल इक्वेशन जातं, आणि प्रोबॅबिलिटीमधला कंटिन्युअस रँडम व्हेरिएबलही जातो, कारण तिथे डेन्सिटी फंक्शनचं इंटिग्रेशनच करायचं असतं. व्हेक्टर टाकलात तर लाइन अँड प्लेन हातात धरून काय करणार? ट्रिगोनॉमेट्री सोडणाऱ्याचे तर इंटिग्रेशनमध्येही हाल. एक चॅप्टर टाकला असं पोरगं समजतं, प्रत्यक्षात गेलेले असतात तीन-चार. उरलेली मोकळीकही मग मोकळीक राहत नाही, कारण जे येतं तेच सोडवावं लागतं आणि त्यात एखादा खडूस प्रश्न निघाला की पर्याय नसतो. सोडायचंच असेल तर एलपीपीसारखं सुटं प्रकरण सोडावं. गंमत अशी की ते सगळ्यात सोपं, म्हणून ते कुणी सोडत नाही.

राहिलं ‘बोर्डाला स्टेप्स, सीईटीला शॉर्टकट’. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. वेग लागतो हे कोण नाकारतंय? पण शॉर्टकटचं काय होतं ते बघा. एक डेफिनिट इंटिग्रल घ्या: वर रूट साइन एक्स, खाली रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स, मर्यादा 0 ते पाय बाय 2. क्लासमधला शॉर्टकट: ‘मर्यादांची वजाबाकी करा, निम्मं करा.’ उत्तर पाय बाय 4, बरोबर. मर्यादा पाय बाय 6 ते पाय बाय 3 केल्या, शॉर्टकटने पाय बाय 12, तेही बरोबर. आता 0 ते पाय बाय 3 द्या. शॉर्टकट पाय बाय 6 सांगतो, आणि ते चूक आहे.

का चूक, हे ज्याने बोर्डासाठी स्टेप्स नीट लिहिल्यात त्यालाच दिसतं. तिथे एक्सच्या जागी मर्यादांची बेरीज वजा एक्स घालायचं असतं. बेरीज पाय बाय 2 असेल तरच साइनचा कॉस आणि कॉसचा साइन होतो, दोन्ही इंटिग्रल्स मिळवली की आत नुसता 1 उरतो. पाय बाय 6 आणि पाय बाय 3 यांची बेरीज पाय बाय 2 होते म्हणून तिथे जमलं. 0 आणि पाय बाय 3 ची होत नाही. शॉर्टकट हा त्या चार ओळींच्या सिद्धतेचा शेवटचा शब्द आहे, आणि अट वरच्या ओळींत राहिली. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत त्या ओळींनाच मार्क आहेत: शेवटी आकडा चुकला तरी प्रॉपर्टी लिहिल्याचे, बदल केल्याचे, बेरीज केल्याचे मिळतात. नुसतं ‘पाय बाय 4’ लिहिणाऱ्याला तपासणारा काय देणार?

पेपर सोडवू नका असं मी म्हणत नाही. जानेवारीत आठवड्याला दोन, तीन तास घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि जेवढा वेळ सोडवायला तेवढा नसला तरी निम्मा तपासायला: सूत्र चुकलं, चिन्ह चुकलं, की पद्धतच चुकली, हे समासात लिहून. साइन एक्सचा 0 ते 2 पाय एरिया विचारला आणि उत्तर 0 लिहिलं, तर ती हिशेबाची चूक नव्हे. अक्षाखालचा भाग उणा येतो हे विसरल्याची चूक आहे, एरिया 4 आहे, आणि असली चूक पुढच्या पेपरात आपोआप सुधारत नाही. त्यासाठी पुस्तकातलं एरियाचं प्रकरण पुन्हा उघडावं लागतं. तेच पुस्तक, जे मेसेज बाजूला ठेवायला सांगतो.