बटणे शिकवलीत, आलेख बघायला कोणी शिकवायचे?

माझी भाची बाणेरच्या एका शाळेत आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीत आहे आणि दर रविवारी गणित घेऊन सदाशिव पेठेत माझ्याकडे येते. गेल्या रविवारी तिने चाचणीचा पेपर पुढे ठेवला तेव्हापासून माझा संताप उतरलेला नाही. शाळेने ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढून दाखवणारे गणकयंत्र, सक्तीचा केला, नवीन घेणे परवडेना म्हणून न्यू जर्सीच्या चुलतभावाने आपला जुना टीआय-८४ प्लस हा कॅल्क्युलेटर पाठवला, आणि एवढी धावपळ करून वर्गात शिकवले काय, तर समीकरण टाका, ग्राफ दाबा, ट्रेसवर, म्हणजे आलेखावरून सरकणाऱ्या ठिपक्यावर, जाऊन उत्तर वाचा. एवढेच.

प्रश्न साधा होता. ईचा (ई म्हणजे सुमारे २.७१८ ही ठरावीक संख्या) एक्सवा घात बरोबर तीन एक्स, हे समीकरण सोडवा. पोरीने एका बाजूचा वक्र काढला, दुसऱ्या बाजूची रेषा काढली आणि नेहमीच्या विंडोत, म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही उणे दहा ते दहा एवढाच भाग दाखवणाऱ्या चौकटीत, पाहिले. तिथे दोन्ही एकाच जागी चिकटलेले दिसले. तिने ट्रेसचा ठिपका त्या चिकटलेल्या भागाच्या मधोमध ठेवला, १.०६ ही किंमत वाचली आणि एकच उत्तर लिहिले. पेपरावर लाल शाईत नुसते ‘चूक’ असे लिहून शून्य गुण दिले होते. चूक का झाली, याबद्दल एक अक्षरही नव्हते.

मी ते यंत्र हातात घेऊन तिच्याशेजारी बसलो. या मॉडेलचा पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा आहे, त्यामुळे त्या विंडोत एका ठिपक्याची उंची सुमारे ०.३२ होते. रेषा आणि वक्र यांच्यामधले अंतर, दोन उत्तरांच्या दरम्यान, जास्तीत जास्त ०.३० आहे, म्हणजे एका ठिपक्याहूनही कमी! पडद्यावर ते दिसणारच नाही. खरी उत्तरे दोन आहेत, ०.६१९ आणि १.५१, आणि तिने लिहिलेली १.०६ ही किंमत नेमकी अशा ठिकाणची आहे, जिथे दोन्ही बाजूंमधली तफावत जवळजवळ सर्वांत मोठी आहे. ट्रेसमध्ये वरच्या बाणाचे बटण एकदा दाबले असते, तर एका आलेखावर २.८९७ आणि दुसऱ्यावर ३.१९१ दिसले असते, आणि काहीतरी चुकते आहे हे पोरीला तत्क्षणी कळले असते. पण ते बटण दाबून बघायचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

"मामा, सरांनी ट्रेसवरच वाचायला सांगितलं होतं," असे ती रडवेल्या आवाजात म्हणाली. ट्रेस हा ठिपक्याठिपक्याने उड्या मारत जातो, या विंडोत एक उडी सुमारे ०.२१ ची, आणि आयबीच्या परीक्षेत उत्तर अचूक किंवा तीन सार्थ अंकांपर्यंत द्यावे लागते. मग ट्रेसने उत्तर वाचायला सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी हे यंत्र वापरून पाहिले आहे का, असा प्रश्न मला पडतो.

खरे तर दोन मिनिटांचे काम आहे. सगळे एका बाजूला आणून ईचा एक्सवा घात उणे तीन एक्स एवढा एकच आलेख काढावा, एक्स शून्य ते दोन आणि वाय उणे एक ते एक अशी विंडो घ्यावी, म्हणजे वक्र अक्षाखाली उतरून पुन्हा वर येताना स्पष्ट दिसतो. मग यंत्रातल्या कॅल्कच्या यादीतून, आलेख अक्षाला कुठे छेदतो ते शोधणारे ‘झिरो’ निवडून प्रत्येक छेदासाठी डावी आणि उजवी मर्यादा वेगळी द्यावी. आलेख अक्षाला नुसता टेकून परत फिरत असेल, तर हीच सोय फसते, कारण तिला दोन मर्यादांमध्ये चिन्ह बदललेले लागते. तिथे ‘मिनिमम’ किंवा ‘मॅक्सिमम’ वापरायचे. त्रिकोणमितीच्या समीकरणाआधी यंत्र अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या एककात आहे ना, हेही पाहायचे.

आणि विंडो म्हणजे सबंध जग नव्हे, हे तर पहिल्या दिवशी शिकवायला हवे. एक्सचा वर्ग बरोबर दोनचा एक्सवा घात, हे समीकरण नेहमीच्या उणे दहा ते दहा या विंडोत टाका. उणे ०.७६७ आणि दोन ही उत्तरे मिळतात, पण तिसरे उत्तर चार आहे, तिथे वायची किंमत सोळा होते आणि ते पडद्याच्या वर निघून जाते. मुलांनी मनातल्या मनात चार घालून पाहिले तरी कळेल, पण यंत्र हातात दिले की मन बाजूला ठेवायचे, असा धडा या मुलांना नकळत मिळतो आहे.

आपण बोर्डाच्या परीक्षा लॉग टेबलवर काढल्या, म्हणून कॅल्क्युलेटरचे गणित हलके, अशी समजूत आपल्याकडच्या शिक्षकांत अजून घट्ट आहे, आणि मला तिचा मनस्वी राग येतो. आयबीच्या ज्या पेपरांत हे यंत्र लागते, तिथे कोणता आलेख काढायचा, विंडो कोणती घ्यायची आणि उत्तरे किती असायला हवीत, हे ठरवणे हेच गणित आहे.

मी भाचीच्या आईला घेऊन शाळेत गेलो. भाग पूर्ण करायचा असल्यामुळे वेळ नाही, इंटरनेटवर भरपूर व्हिडिओ आहेत, असे उत्तर मिळाले. वर्षाला लाखांत फी घेणाऱ्या शाळेकडे या यंत्रासाठी दोन तास नाहीत! मी तिथेच बसून तक्रार लिहून दिली आहे. तक्रारीला अजून उत्तर नाही, आणि मंगळवारी पोरीची पुढची चाचणी आहे.