५०० प्रोफाइलांचा फॉरवर्ड

धाकट्या बहिणीने नुकतीच स्वतःची वेबसाइट सुरू केली. परवा तिने मला एक फॉरवर्ड पाठवला: ‘जास्त डीएच्या ५०० साइट्सवर प्रोफाइल उघडा, प्रत्येकात तोच कीवर्ड टाकून लिंक द्या, ३० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर!’ मी वाचेपर्यंत बाईसाहेबांची ६० खाती उघडूनही झाली होती.

आधी तो डीए. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइट शोधात किती वर येऊ शकेल याचा मॉझ या कंपनीने काढलेला आकडा. गूगल तो रँकिंगसाठी, म्हणजे शोधात कोण वर हे ठरवायला, वापरत नाही. शिवाय तो अख्ख्या साइटचा. तुमचं प्रोफाइल म्हणजे तिथलं अडगळीतलं एक पान. वाड्याच्या माळ्यावर नाव खरडलं म्हणून वाडा आपला होत नाही.

त्यातही अनेक साइट्स प्रोफाइलमधल्या लिंकवर ‘नोफॉलो’ लावतात, म्हणजे ‘ही लिंक मोजू नका’ अशी गूगलला खूण. ही खूण २००५ मध्ये आली तीच मुळी कमेंटमधल्या स्पॅम लिंकांना कंटाळून. २०१९ पासून गूगल तिला आदेश न मानता नुसता इशारा मानतं, हे कबूल. पण तेवढ्या आशेवर ५०० खाती?

खरा घात ‘तोच कीवर्ड’मध्ये, म्हणजे लोक शोधताना टाकतात तेच शब्द प्रत्येक लिंकवर लिहिण्यात आहे. माणसं आपणहून लिंक देतात तेव्हा कुणी साइटचं नाव लिहितं, कुणी ‘इथे वाचा’, कुणी नुसता पत्ता चिकटवतं. ५०० ठिकाणी अक्षरही न बदलता तेच शब्द म्हणजे चोराने आपला फोटो ठेवून जाणं. गूगलचं एप्रिल २०१२ चं पेंग्विन अपडेट अशाच लिंकबाजीवर होतं; २०१६ मध्ये ते गूगलच्या मूळ अल्गोरिदमचाच भाग झालं. रँकिंग फिरवण्यासाठी केलेल्या लिंका म्हणजे स्पॅम, असं गूगलच्या धोरणात साफ लिहिलंय. फॉरवर्डवाल्याने ते वाचलं नसावं, किंवा वाचून गप्प बसला असावा. बहुतेकदा गूगल अशा लिंका मोजतच नाही, म्हणजे मेहनत पाण्यात. आणि मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, आलीच, तर एकेका खात्यात शिरून लिंक काढत बसा. कित्येक साइट्सवर खातं बंद करायची सोयही सापडत नाही.

‘बॅकलिंकशिवाय (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकशिवाय) रँकिंग नाही’ असं म्हणतात, ते अर्धं खरं. १९९८ चा पेजरँक, म्हणजे पानाचं महत्त्व मोजायची गूगलची पद्धत, लिंकांवरच उभा होता, पण दुसऱ्यांनी दिलेल्या. बहिणीचे वाचक जिथे खरोखर असतात, अशा दोन-तीन ठिकाणी प्रोफाइल असू दे की! लोक तिथून क्लिक करून येतील.

‘३० दिवसांत’बद्दल काय बोलायचं? पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं.

काल तिला खाती बंद करायला बसवलं, तेव्हा कळलं की साठही ठिकाणी पासवर्ड एकच आहे. तिच्या ईमेलचाही तोच.