सगळं ओके

१९९० च्या दशकातलं, स्पार्क जातीच्या प्रोसेसरचं एक वर्कस्टेशन माझ्या टेबलावर पाटासारखं पसरलं आहे. त्याच्यावर नेटबीएसडी ही संगणक प्रणाली चालवायची, असं मी ठरवलं. १९९३ पासून ती बनवणारी मंडळी प्रोसेसर दिसेल तिथे आपली प्रणाली चालवत आली आहेत. ती चालणाऱ्या यंत्रांच्या यादीत माझ्या यंत्राची सख्खी-चुलत भावंडं होती, फक्त हेच नव्हतं. म्हटलं, घराणं ओळखीचं आहे, सोयरीक जुळायला कितीसा वेळ लागणार?

यंत्र सुरू केलं. स्वतःचा इथरनेट पत्ता ज्या चिपमध्ये साठवलेला असतो, तिची बॅटरी चिपच्या पोटातच असते आणि ती कधीच निवर्तली होती. त्यामुळे पत्ता दिसला सगळा 'एफएफ'. नेटवर्कच्या भाषेत हा 'सर्वांसाठी' असलेला पत्ता. म्हणजे विस्मरण झालेलं हे यंत्र थेट 'अहं ब्रह्मास्मि'लाच पोचलं होतं! त्याला खाली आणायचं तर सोळा बाइट हाताने भरायचे, आणि शेवटचा बाइट आधीच्या पंधरांशी जुळला पाहिजे.

हे भरायचं 'ओके' नावाच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे यंत्राला हुकूम टाइप करून द्यायच्या जागी. यंत्र काहीही बिघडलं तरी तिथेच येऊन थांबतं आणि 'ओके' म्हणतं. तिथली भाषा फोर्थ. दोन आणि तीनची बेरीज हवी तर 'दोन तीन अधिक' असं सांगायचं. लोक या उलट्या चालीला वैतागतात. मला मात्र घरच्यासारखं वाटलं. आपलंही क्रियापद शेवटीच येतं.

पुढे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नेटवर्कवरून चढवायचा. यंत्र फाइल मागतं ती स्वतःच्या आयपी पत्त्याच्या नावाने, तोही षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या) पद्धतीत. १९२.१६८.१.२० चं झालं सी०ए८०११४. मी फाइलला नाव दिलं ते लहान लिपीत, यंत्र मागत होतं मोठ्या लिपीत. यात दोन संध्याकाळी गेल्या. यंत्राने तक्रार केली नाही, नुसतं मागत राहिलं.

मग बाइटांचा क्रम. लॅपटॉपचा प्रोसेसर संख्येचा धाकटा बाइट आधी ठेवतो, जुना स्पार्क थोरला आधी. डिस्कशी बोलणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, एक संख्या उलटी वाचली जात होती आणि डिस्क स्वतःचा आकार काहीच्या बाही सांगत होती. बायकोला समजावलं, तर ती म्हणाली, "अहो, मग आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधीच म्हणतो की!" खरंच. आणि 'एकशे पंचवीस' म्हणताना शंभर आधी, मग पाच, मग वीस. पीडीपी-११ हा जुना संगणकही मोठ्या संख्या अशाच मधूनच उलट्या ठेवायचा. मराठी माणसाला या विषयात निदान अर्धे गुण तरी उपजत मिळायला हवेत.

स्पार्कची आणखी एक शिस्त म्हणजे चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवी. एक घर सरकली की कर्नल कोसळलाच. लॅपटॉपवर तोच कोड निमूट चालतो, म्हणून मी स्वतःला बरा प्रोग्रामर समजत होतो.

कन्सोल (इथे सिरियल केबलने जोडलेला माझा लॅपटॉपच यंत्राचा पडदा) चालू होईपर्यंत कर्नलला धड बोलताही येत नाही. म्हणून मी प्रत्येक टप्प्यावर एकेक अक्षर छापायला लावलं. ए, बी, सी, डी... आणि शांतता. आठवडाभर 'डी'च्या पुढे गाडी सरकेना. 'ई' दिसलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची कुत्रीही भुंकली.

काल रात्री अडीचला अखेर पडद्यावर 'लॉगिन:' उमटलं.

"अगं, ऊठ, बघ!" म्हणत मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. सिरियल केबल आखूड होती, ती सुटली. आता या यंत्राचा एक स्वभाव असा की केबल निघाली की त्याला तो 'थांब' असा हुकूम वाटतो. घाईघाईने केबल परत खोचली.

बायको डोळे चोळत आली. "काय म्हणतंय?"

मी पडद्याकडे पाहिलं. "ओके म्हणतंय."

"मग झोपा आता."