खिडक्या गच्च बंद करून कूलर लावणं: त्या मेसेजमध्ये काय चुकतं

उन्हं तापली की एक मेसेज गावोगाव फिरतो: "दारं-खिडक्या गच्च लावा, कूलर सुरू करा, हीच ताजी हवा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवला की खिडकी लागत नाही. उरलेली हवा स्नेक प्लांट हे कुंडीतलं झाड शुद्ध करतं."

कूलर ताजी हवा देतो हे खरं, पण तो खिडकीबाहेर बसवलेला असेल आणि आत आलेल्या हवेला निघायला वाट असेल तरच. नागपूर-चंद्रपूरकडची मे महिन्यातली हवा 45 अंशांची आणि कोरडी ठाक, म्हणून कूलरच्या ओल्या ताटीतलं (गवताच्या जाळीतलं) पाणी झपाट्यानं उडतं आणि गारवा येतो. खोली बंद केली की दमट हवा कोंडते. चादर ओलसर लागते, घाम वाळत नाही, आणि दोष ताटीला मिळतो. दर मिनिटाला 2,000 घनफूट हवा फेकणाऱ्या कूलरला सुमारे 4 चौरस फूट वाट लागते: समोरच्या भिंतीतली 4 फूट उंच खिडकी फूटभर उघडी ठेवा. कूलर खोलीतच ठेवला तर तो तीच ती हवा फिरवत राहतो.

एक्झॉस्टचं म्हणणं तर सरळ धोक्याचं आहे. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत येणारच. खिडकी बंद असेल तर पंखा ती धुराड्यातून ओढतो आणि चुलीचा धूर उलटा घरात उतरतो. 10 बाय 8 चं, 10 फूट उंच स्वयंपाकघर म्हणजे 800 घनफूट. तासाला 15 वेळा हवा बदलायची तर 340 घनमीटर लागतात. पात्यांवर तेलाचा चिकटा बसतो, जाळी धुळीनं भरते, म्हणून डब्यावर ताशी 500 घनमीटर तरी लिहिलेला पंखा घ्या. तो चुलीजवळ, उंचावर बसवा. हवा आत येणारी खिडकी समोरच्या भिंतीत हवी. खिडकी पंख्याशेजारी असेल तर हवा तिथल्या तिथे वळून जाते, धूर जागेवरच. खिडकीच्या फटीशी अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर जोडी जमली.

कवेलूच्या (कौलारू) घरात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, धूर सांध्यासांध्यांतून निघून जायचा. आता 25 चौरस मीटरचं घरकुल, वर सपाट स्लॅब, चूल मात्र तीच. तिथे स्लॅबलगत समोरासमोर दोन झरोके पंख्याच्या आधी पाहिजेत, कारण लाइट गेली तरी ते चालतात. बांधतानाच गवंड्याला सांगा. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.

स्नेक प्लांट दिसायला छान. पण 2019 च्या एका अभ्यासानुसार साध्या हवा-बदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतात, आणि धुराला तीही पुरत नाहीत.

आणि थंडीत झरोक्यांत चिंध्यांचे बोळे कोंबून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही.